मिसिसिपीत पोचलेली उतरंड

दोन बायका एका मुलीचं मोजमाप घेताहेत. मुलगी सावळी आहे, तिचा बाप एके काळी वकील होता पण आता कफल्लक आहे, आणि तिच्या आईची नजर मात्र गावातल्या पैसेवाल्या हॅरी पटेलवर आहे. त्यातली एक सरळ हिशेब मांडते. सावळी असून पैसा असला तर चालतं, पैसा नसून गोरी असली तरी चालतं. पण सावळीही आणि गरीबही असायचं आणि वर हॅरी पटेल पाहिजे म्हणायचं, हे कसं जमणार? 'मिसिसिपी मसाला' या १९९१ च्या चित्रपटातला हा प्रसंग. हा हिशेब मांडणारी बाई म्हणजे दिग्दर्शिका मीरा नायर स्वतः. गावातल्या भोचक बाईची ती चिमुकली भूमिका त्यांनी मोठ्या खुशीत केली आहे.

हे वाक्य अमेरिकेतल्या एका आडगावात उच्चारलं जातं, पण रविवारच्या पुरवणीतल्या वधू-वर जाहिराती वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. 'गोरी, सडपातळ, स्वजातीय, परदेशस्थ स्थळास प्राधान्य' हाच हिशेब आपण चार शब्दांत छापतो.

देश सोडून गेलेला समाज आपली ओळख जपतो म्हणजे नेमकं काय जपतो, हा प्रश्न गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा वर येतो आहे. कधी अमेरिकेतल्या जातविषयक कायद्यांच्या निमित्ताने, कधी निवडणुकांच्या. माझं म्हणणं असं की, भाषा दुसऱ्या पिढीत विरळ होते, तिसरीत जवळजवळ संपते. पुरणपोळी दुकानातून गोठवलेली येते. गणपती सोयीच्या शनिवारी बसतो. याची हळहळ वाटते, पण त्यावरून कोणी मुलीशी बोलणं टाकत नाही. बोलणं टाकलं जातं ते एकाच कारणावरून, तिने कोणाशी लग्न ठरवलं यावरून. आणि तिथे एवढ्या निकराने जे राखलं जातं त्याला आपण संस्कृती म्हणत असलो, तरी बहुतेक वेळा ती समाजातली आपली पायरी असते. 'मिसिसिपी मसाला' मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. प्रेमकथा म्हणून तो गोड आहेच, पण पायरी कशी राखतात, कोण राखतं आणि तिची किंमत कोणाकडून वसूल होते, हे त्याच्याइतकं उघडं करून दाखवणारे चित्रपट थोडे आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. किती लोक होते याचे अंदाज ५० हजारांपासून ८० हजारांपर्यंत जातात. त्यातले २७ हजारांहून अधिक ब्रिटनमध्ये गेले. चित्रपटातला जय (रोशन सेठ) हा कंपालात जन्मलेला वकील. स्वतःला युगांडाचाच समजणारा, उघडपणे अमीनवर टीका करणारा. त्याचा लहानपणापासूनचा जिवलग मित्र ओकेलो त्याला तुरुंगातून सोडवतो आणि मग सांगतो, आता आफ्रिका आफ्रिकनांची, काळ्या आफ्रिकनांची. जय ते वाक्य आयुष्यभर विसरत नाही. बायको किन्नू (शर्मिला टागोर) आणि लहानगी मीना यांना घेऊन तो निघतो, आणि इंग्लंडमार्गे मिसिसिपीतल्या ग्रीनवूड गावी नातलगांच्या मोटेलात येऊन पडतो. किन्नू काळ्या वस्तीत दारूचं दुकान चालवते. मीना (सरिता चौधरी) मोटेलातल्या खोल्या साफ करते. जय युगांडा सरकारला जप्त मालमत्तेबद्दल पत्रांमागून पत्रं लिहीत बसतो. मीनाची गाडी एक दिवस डेमेट्रियसच्या व्हॅनवर आदळते. डेमेट्रियस (डेन्झेल वॉशिंग्टन) बँकेचं कर्ज काढून गालिचे धुण्याचा धंदा करणारा काळा तरुण आहे. पुढचं सांगायला नको.

त्या अपघातानंतरचा एक प्रसंग मी मुद्दाम पुन्हा पाहिला. डेमेट्रियसने नुकसानभरपाईचा दावा ठोकू नये, ही मोटेलवाल्यांना धास्ती. अमेरिकेत लोक ऊठसूट कोर्टात जातात, हे त्यांना एव्हाना कळलं आहे. मग त्यांच्यातला एक जण डेमेट्रियस आणि त्याच्या धंद्यातल्या जोडीदारापुढे मधाळ भाषण करतो. काळे, तपकिरी, पिवळे, मेक्सिकन सगळे एकच. जो गोरा नाही तो रंगीत. आपण सगळ्या रंगीत लोकांनी एकजूट ठेवली पाहिजे! थिएटरात इथे हशा पिकतो, आणि पिकायलाच हवा. पण याच बिरादरीला जेव्हा कळतं की मीना बिलॉक्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर डेमेट्रियसबरोबर एका खोलीत आहे, तेव्हा दार ठोठावलं जातं, मारामारी होते, पोलीस येतात. दुसऱ्या दिवसापासून मोटेलवाले डेमेट्रियसचं काम बंद करतात. बँक व्हॅन ओढून न्यायची भाषा करू लागते. मीनाच्या वाट्याला येतं ते घरातलं रडणं-ओरडणं आणि बदनामी. डेमेट्रियसच्या पोटावर पाय येतो. एकजुटीचं भाषण दाव्याच्या भीतीपुरतं होतं, सोयरिकीला लागू नव्हतं. ही विषमता चित्रपट नीट मोजून दाखवतो. दोघांचं प्रेम सारखं असलं तरी त्याचं बिल सारखं येत नाही.

पटकथाकार सूनी तारापोरवाला आणि नायर यांनी गाव निवडलं तेही विचार करूनच निवडलं असणार. याच ग्रीनवूडमध्ये जून १९६६ मध्ये काळ्यांच्या चळवळीतला तरुण नेता स्टोकली कारमायकेल याने 'ब्लॅक पॉवर', म्हणजे काळ्यांची सत्ता, ही घोषणा दिली. जवळच मनी नावाचं खेडं आहे. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिल या काळ्या मुलाने तिथल्या दुकानातल्या गोऱ्या बाईशी सलगी केल्याचा बोभाटा झाला आणि त्याला हाल हाल करून मारण्यात आलं. आंतरवंशीय लग्नावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच रद्द केली होती, पण मिसिसिपीने स्वतःच्या राज्यघटनेतून ते कलम काढलं १९८७ साली. म्हणजे चित्रपट यायच्या अवघी चार वर्षं आधी. डेमेट्रियस जेव्हा जयला सुनावतो की काळा म्हणून मिसिसिपीत जन्मून वाढलेल्या माणसाला संघर्ष म्हणजे काय हे तुम्ही शिकवू नका, तेव्हा त्याच्यामागे हा सगळा मुलूख उभा असतो. आणि मग तो स्वतःच्या गालावर बोट ठेवून जयला दाखवतो, तुम्ही आणि तुमची मुलगी यांच्यात आणि या रंगात दोन छटांचंच अंतर आहे; पण इथे आलात की लगेच गोऱ्यांसारखे वागता.

हे वागणं येतं कुठून? त्याला 'भारतीयांचा उपजत वर्णद्वेष' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मिसिसिपीच्याच त्या सखल कापूसपट्ट्यात भारतीय मोटेलवाले यायच्या कितीतरी आधी चिनी किराणा दुकानदार आले होते. मळ्यांवर मजूर म्हणून आलेले, मग काळ्या वस्त्यांत दुकानं टाकून बसलेले. त्यांच्यातल्या एका मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून बाहेर काढलं, तेव्हा तिच्या वडिलांनी दावा केला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चिनी मुलगी 'रंगीत'च, गोऱ्यांच्या शाळेत तिला जागा नाही. त्यानंतर त्या समाजाने काय केलं? शाळांच्या भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा त्याने गोऱ्यांच्या नजरेत वर चढायची वाट धरली, आणि तिचा एक भाग म्हणजे ज्या चिन्यांनी काळ्या बायकांशी संसार मांडले होते त्यांच्याशी संबंध तोडणं. दोन पायऱ्यांच्या मधे अडकलेल्या माणसाला वर सरकायचं तर खालच्याला दूर ढकलून दाखवावं लागतं. ते दाखवायची सगळ्यात ठळक जागा म्हणजे लग्न.

याचा लेखी पुरावा भारतीयांनीच कोर्टात दाखल करून ठेवला आहे. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेले पंजाबी शीख. तेव्हा परदेशातून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळे ते 'गोऱ्या' किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसालाच, म्हणून आपण उच्चवर्णीय आर्य असल्याने गोरेच आहोत, असा त्यांच्या बाजूचा दावा होता. त्यासाठी केलेला एक युक्तिवाद असा: अमेरिकन माणूस निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळच्या मंगोलवंशीयांकडे पाहतो, निदान लग्नसंबंधांच्या दृष्टीने तरी. आम्हीही खालच्यांशी सोयरीक करत नाही, सबब आम्ही तुमच्यातलेच! १९ फेब्रुवारी १९२३ ला न्यायालयाने हा अर्ज फेटाळला. सामान्य गोरा माणूस तुम्हाला गोरं म्हणणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यानंतर कित्येक भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. इतकं नाक घासूनही हाती काही लागलं नाही, पण युक्तिवाद मात्र शिल्लक राहिला. ग्रीनवूडच्या मोटेलवाल्यांना थिंड ठाऊक असायचं कारण नाही. ते तोच खटला रोज नव्याने लढवत असतात.

जयचं युगांडा तरी कुठे वेगळं होतं? इंग्रजांनी तिथे वर गोरे, मधे आशियाई, खाली आफ्रिकन अशी रचना केली. कापसाच्या जिनिंगपासून पेठेतल्या दुकानांपर्यंत व्यापार आशियाई हातांत गेला. १९५९ मध्ये बुगांडा या युगांडातल्या प्रांतात आशियाई दुकानांवर मोठा बहिष्कार पडला होता. अमीनच्या आधीची ती ठिणगी कोणी वाचली नाही. अमीन क्रूरकर्माच होता, त्याने स्वतःच्याच देशबांधवांची केलेली कत्तल तर हकालपट्टीहून भयंकर. पण त्याच्या क्रौर्याआड आपली मधली पायरी झाकून घ्यायची सोय झाली, आणि चित्रपटही इथे जयला जरा सहज सोडतो असं मला वाटतं. कंपालातलं टुमदार घर, तळं, ओकेलोची मैत्री, सगळं सोनेरी उन्हात न्हालेलं. त्या घरात आफ्रिकन माणसं कोणत्या दाराने येत आणि जयच्या ओळखीतल्या किती आशियाई मुलींनी आफ्रिकन मुलांशी लग्न केलं होतं, हे कोणी विचारत नाही. स्वतःला आफ्रिकन म्हणवणाऱ्या जयला मुलीने आफ्रिकन वंशाच्या माणसावर प्रेम केलेलं सोसत नाही, एवढं दाखवून चित्रपट थांबतो. थोडं आणखी खणायला हवं होतं.

आता दुसरी बाजू. ती मी हलक्यात काढणार नाही. समाज मूठभर असेल तर बाहेरच्या लग्नांनी तो विरघळून जाईल ही भीती खरी असते. मुंबईतल्या पारशांच्या घरी हा वाद जेवणाच्या टेबलावर चालतो. शिवाय बाहेर तिरस्कार असताना माणसं आत आधार शोधतात. अमेरिकेत भारतीयांच्या मोटेलांसमोर प्रतिस्पर्ध्यांनी 'अमेरिकन मालकीचे' अशा पाट्या लावल्याचा काळ फार जुना नाही. अशा वेळी 'आपल्यातलाच बघ' म्हणणाऱ्या आईला खलनायिका ठरवणं सोपं, पण अन्यायाचं.

तरीही या भीतीची परीक्षा घ्यायची एक जागा आपल्या अगदी जवळची आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडचे शनवार तेली, पेणकर-रोहेकर-किहीमकर आडनावांचे मराठी बोलणारे ज्यू, १९४८ नंतर हजारोंनी इस्राएलला गेले. धर्म तोच, मायभूमीही धर्माने सांगितलेली. पण १९६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यूच ना, याची खात्री! मराठी माणसं जेरुसलेममध्ये धरण्यावर बसली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. मग फर्मानातून त्यांचं नाव निघालं. कोणाशी लग्न लावायला नकार देणं म्हणजे त्याला माणसांच्या कुठल्या रांगेत उभं करणं, हे या मराठी बोलणाऱ्यांना चांगलं कळलं होतं. गंमत अशी, आणि ती कडू आहे, की याच समाजात कोकणात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत. मूठभरांनी टिकण्यासाठी कुंपण घातलं असं म्हणावं, तर त्या मुठीच्या आतही कुंपण होतंच. मग विरघळण्याच्या भीतीवर सगळं खापर कसं फोडणार?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींपाशी तर या प्रश्नाचं उत्तर वारशातच आहे, फक्त तो वारसा स्नेहसंमेलनात फारसा काढला जात नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीच्या उंबऱ्यावर. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. आणि ज्या १९७२ साली कंपालातले आशियाई बॅगा भरत होते, त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव सरळ अमेरिकेतल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेकडून घेऊन. काळ्यांच्या लढ्याशी इतकं जुनं आणि लेखी नातं भारतातल्या फार थोड्या भाषांना सांगता येईल.

शिवाय साधी देणेदारी आहे. १९६५ च्या ज्या कायद्याने भारतातल्या इंजिनिअर-डॉक्टरांना अमेरिकेचं दार उघडलं, तो नागरी हक्क चळवळीच्या त्याच लाटेवर आला. आधी काळ्यांच्या मतदानहक्काचा कायदा, दोनच महिन्यांनी स्थलांतराचा. मतदानहक्कासाठी मोर्चा काढून अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर लाठ्या खाल्ल्या त्यांनी, व्हिसा मिळाला आम्हाला. हे कोणी उपकार म्हणून डोक्यावर घेऊन नाचावं असं नाही; पण डाउनटाउनच्या त्या भागात जाऊ नका, 'तसले' लोक असतात, असं भारतातून आलेल्या पाहुण्यांना सांगताना जीभ थोडी अडखळायला हरकत नसावी.

अडखळत नाही, कारण पायरी अजून कामाची वाटते. २१ फेब्रुवारी २०२३ ला, थिंड निकालाला शंभर वर्षं आणि दोन दिवस झाल्यावर, सिएटल शहराने भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. ठराव मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. वंश, कुळ यांवरून भेदभाव करायला आधीच बंदी आहे, हे त्यांचं कारण. या काळात विरोध करणाऱ्यांचा मुख्य सूर होता की जात इकडे आलीच नाही, उगाच आमच्या समाजाला बदनाम करता. नोकरीतल्या भेदभावावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, पुरावे तपासावे लागतात. पण जात आलीच नाही म्हणणाऱ्याने परदेशस्थ मुलांसाठीचं कुठलंही विवाहजुळणी संकेतस्थळ उघडावं. जात, पोटजात, वर्ण, सगळ्याची चाळणी तयार असते.

मध्यंतरी हीच गोष्ट वेगळ्या वाटेने समोर आली. या चित्रपटासाठी फिरताना मीरा नायर यांची गाठ महमूद ममदानी या, १९७२ च्या हकालपट्टीतून गेलेल्या अभ्यासकाशी पडली. त्यांनी लग्न केलं. त्यांचा मुलगा झोहरान चित्रपट आला त्याच वर्षी कंपालात जन्मला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा महापौर म्हणून निवडून आला. प्रचाराच्या ऐन रंगात बातमी फुटली की महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर त्याने 'आशियाई' आणि 'काळा किंवा आफ्रिकन अमेरिकन' अशा दोन्ही चौकटींवर खूण केली होती. महिनाभर त्यावर चर्चा. मला ती काहीशी पोकळ वाटली. चौकटीवर खूण करायला काही पडत नाही. चित्रपटात डेमेट्रियसच्या घरी जेवताना मीना सांगते की ती भारतात कधी गेलेलीच नाही, तेव्हा तिथलं कोणीतरी सहज म्हणतं, मग तू आमच्यासारखीच, आम्हीही आफ्रिका पाहिलेली नाही. त्या टेबलावर मीनाला ओळख मिळते ती न मागता, पंगतीत बसल्यामुळे. तशी पंगत तिच्या घरी डेमेट्रियससाठी मांडली जात नाही.

नायर यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. निर्मात्यांपैकी काहींनी विचारलं, यात एखादं महत्त्वाचं गोरं पात्र घालता येईल का? त्या म्हणाल्या, घालते की, सगळे वेटर गोरे असतील. चित्रपटाचं बळ याच हट्टात आहे. गोरा माणूस मध्यस्थ म्हणून हजर असता, तर मोटेलवाल्यांचं वागणं त्याच्यावर ढकलता आलं असतं. इथे दोन बिनगोरे समाज समोरासमोर आहेत, आणि पळवाट नाही. मात्र शेवटी मीना आणि डेमेट्रियस यांना गाव सोडावंच लागतं. काहींना हा शेवट पलायनवादी वाटतो. मला तो नेमका वाटतो. कारण ग्रीनवूडमध्ये राहून हे लग्न निभावता येईल असं दाखवलं असतं, तर मोटेलवाल्यांना न केलेल्या बदलाचं श्रेय मिळालं असतं. डेमेट्रियसचं काम काढून घेणाऱ्यांपैकी एकालाही पश्चात्ताप होत नाही.

कायदा या माणसांपर्यंत फार तर त्यांच्या कचेरीपुरता पोचेल. सोयरिकीत सरकारने नाक खुपसू नये, आणि खुपसलं तरी उपयोग नाही. पण समाजाच्या संस्था तिथे पोचतात, कारण स्थळं जुळवण्याचं काम त्या स्वतःहून अंगावर घेतात. उत्तर अमेरिकेत मराठी मंडळं गावोगाव आहेत, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, आणि वधू-वर मेळावा हा अशा जमण्यांतला गर्दी खेचणारा भाग. ज्या मंडळाच्या अर्जात अजून जात-पोटजात विचारली जात असेल, तिथे तो रकाना काढायला गव्हर्नरची सही लागत नाही, कार्यकारिणीची एक बैठक पुरते. आणि मेळाव्यात मराठी मुलाबरोबर त्याची काळी मैत्रीण आली, तर तिची नोंदणी कोणत्या टेबलावर करायची, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावं.